घरघर

पेडल दाबून धरलं की माझा पियानो नवव्या-दहाव्या मात्रेला अडखळायचा. पियानो म्हणजे लाकडाचा नव्हे, लॅपटॉपमधला. एका मोठ्या कॉन्सर्ट ग्रँडची एकेक पट्टी हलक्या, मध्यम, जोरकस हाताने वाजवून रेकॉर्ड केलेली सॅम्पल लायब्ररी. सुरुवात छान व्हायची. डावा हात खर्जातला एक सूर धरायचा, उजवा वरच्या सप्तकात फिरू लागायचा, सूर एकमेकांत विरघळून ती धुक्यासारखी गुंज उभी राहायला लागायची, आणि तेवढ्यात एक सूर कात्रीने कापल्यासारखा तुटायचा. मग दुसरा. मग पडद्यावर चौकट यायची: डिस्कचा वेग कमी पडतो आहे.

त्या दिवसांत मी लॅपटॉपला कान लावून ऐकायचे. डाव्या मनगटाखाली, कीबोर्डच्या कोपऱ्यात हार्ड डिस्क होती. एरवी तिची एकसुरी घरघर चाललेली असायची. पेडल खाली गेलं की त्या घरघरीत टिकटिक मिसळायची. आधी सुटी, मग दाट, मग पिशवीत खडे हलवावेत तशी. चौकट यायच्या आधीच मला त्या टिकटिकीवरून कळायचं की आता सूर तुटणार.

चौकट म्हणत होती वेग कमी, म्हणून मीही तेच धरून चालले. जास्त वेगाचं काहीतरी घ्यायला हवं, एवढंच डोक्यात. एकदा मात्र कागद-पेन घेऊन हिशेब करायला बसले, आणि त्या हिशेबाने माझी समजूत पार उलटी केली.

माझं काम ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर चालतं. म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने आणि प्रत्येक नमुना ३ बाइटचा. एका मोनो ट्रॅकला सेकंदाला १,४४,००० बाइट लागतात, स्टिरिओला दुप्पट. पेडल खाली असताना जुने सूर विझत नाहीत आणि नवे येतच राहतात. माझ्या त्या चालीत एका क्षणी चाळीसेक सूर एकत्र गुंजत होते. प्रत्येक सूर माइकच्या तीन जोड्यांनी टिपलेला. म्हणजे एकाच वेळी वाचायच्या १२० स्टिरिओ फाइली. सगळं मिळून सेकंदाला साधारण ३५ एमबी. आणि माझी तीच हार्ड डिस्क मोठी सलग फाइल वाचताना सेकंदाला १०० एमबी आरामात द्यायची. मग ३५ एमबीला तिने का दमावं?

कारण ते ३५ एमबी एका जागी नव्हते. तबकडी मिनिटाला ५,४०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवा तो तुकडा वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं. त्याआधी हेडला योग्य वर्तुळावर सरकावं लागतं, त्यात बाराएक मिलिसेकंद जातात. एका खेपेला सतरा-अठरा मिलिसेकंद धरा. सेकंदाला पन्नास-साठ खेपा होतील, त्यापुढे नाही. प्रत्येक खेपेत ६४ केबी उचलून आणले तरी सेकंदाला साडेतीन एमबी हाती येतात. मागणी दहापट. ती टिकटिक म्हणजे त्या हेडची १२० ठिकाणची धावपळ होती, आणि मी डिस्कला मंद म्हणत होते. खरं तर ती जिवाच्या आकांताने पळत होती.

एसएसडी म्हणजे चिपमध्ये माहिती साठवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं, सरकणारं काही नसतं. तुकडा कुठेही असो, सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात, म्हणजे ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास हाती येतो. संगीताच्या कामात एसएसडीचं मोठेपण इथे आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला सेकंदाला इतके एमबी हा आकडा सलग फाइलचा असतो. आपलं काम सलग कधीच नसतं. सुराला त्याच्या ठरलेल्या क्षणी हजर राहायचं असतं. तो लवकर आला तर थांबवून ठेवता येतो, उशीर झाला तर गेलाच.

सॅम्पलर, म्हणजे अशा लायब्रऱ्या वाजवणारं सॉफ्टवेअर, लिहिणाऱ्यांना हे फार आधी कळलं होतं. १९९८ मध्ये आलेल्या गीगासॅम्पलरने एक युक्ती रुळवली: प्रत्येक सुराचं फक्त तोंड रॅममध्ये ठेवायचं आणि पट्टी दाबली की तो तुकडा वाजत असताना उरलेला सूर डिस्कवरून आणायचा. काँटॅक्ट या सॅम्पलरमध्येही हेच चालतं. तिथे हा आगाऊ तुकडा मुळात ६० केबीचा असतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओच्या हिशेबाने तो सेकंदाचा पाचवा भाग. एवढ्या उसन्या वेळात डिस्कने पुढचं आणून द्यायचं. डिस्क एसएसडी असेल तर ही मुदत कितीतरी कमी करून चालतं. मी ती १२ केबीवर आणली आणि हजारो सुरांची तोंडं आखूड झाल्याबरोबर रॅम भराभर मोकळी झाली. माझ्याकडे रॅम बेताचीच, तेव्हा ही गोष्ट मला वेगापेक्षा मोलाची वाटली.

नवा लॅपटॉप घेतला तेव्हा आतलं स्टोरेज २५६ जीबी होतं आणि बोर्डावरच सोल्डर केलेलं. आजच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये असंच असतं. घेताना जेवढं घेतलं तेवढंच आयुष्यभर. इकडे एकेका ऑर्केस्ट्रा लायब्ररीला शेकडो जीबी लागतात. व्हायोलिनची एक ओढ हलकी, एक भरदार, एक कंप असलेली, एक नसलेली, जवळच्या माइकने, लांबच्या माइकने, छताजवळच्या माइकने. म्हणून १ टीबीची एक्स्टर्नल एसएसडी आली. जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क काढून एका डबीत बसवली आणि खणात ठेवून दिली. तिच्याकडे पुढे येणार आहे.

पहिल्याच दिवशी निराशा. लायब्ररी नव्या डिस्कवर कॉपी करायला लावली तर पडद्यावर उरलेला वेळ दिसत होता तासाच्या वर. सेकंदाला ३५-४० एमबीच्या पुढे काटा हलेना. मी डिस्कला दोष दिला, लॅपटॉपला दिला, दोन्ही बंद करून पुन्हा चालू केले. दोष केबलचा होता. फोन चार्ज करायची यूएसबी-सी केबल आणि डिस्कसोबत आलेली केबल दिसायला सारख्याच, तोंड एकच, आणि माझ्या हाती आली होती चार्जिंगची. तिच्यातून वीज भरपूर जाते, पण माहिती मात्र यूएसबी २ च्या ४८० मेगाबिटनेच. डिस्कची केबल लावल्यावर तेच काम काही मिनिटांवर आलं. त्या दिवशी मी लाल दोरा घेऊन डिस्कच्या केबलच्या दोन्ही टोकांना गाठ मारली. आजही माझ्या टेबलावर लाल गाठीची केबल चार्जिंगला कुणी लावलेली मला खपत नाही.

दुसरी गोष्ट कळायला आणखी थोडे दिवस लागले. मला वाटलं होतं एसएसडी आली की सगळंच हलकं होईल. तसं होत नाही. रिव्हर्ब, सिंथ अशी वीस-वीस प्लगइन, म्हणजे आवाज घडवणारी जोड-सॉफ्टवेअरं, हा भार प्रोसेसरवर असतो. डिस्कला त्याची खबरही नसते. गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतो तो ऑडिओ बफरमुळे, म्हणजे लॅपटॉप आवाज पुढे पाठवण्याआधी जेवढे नमुने साठवतो त्यामुळे. ४८ किलोहर्ट्झला १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, मग डिस्क कुठलीही लावा. आणि साधं रेकॉर्डिंग? सोळा माइक एकदम चालू असले तरी सेकंदाला अडीच एमबी सुद्धा होत नाहीत. फिरती डिस्कही ते हसत करते. कुणी विचारलं की मी स्पष्ट सांगते: तुमचं काम गिटार, गळा आणि दहा-बारा ट्रॅकचं असेल तर पैसे आधी माइकवर आणि खोलीत आवाज शोषणाऱ्या सामानावर घाला. सॅम्पल वापरत असाल, पियानो, तंतुवाद्यं, ड्रमचे मोठे किट, तर मात्र एसएसडीशिवाय तुमचं गाडं पुढे सरकायचं नाही.

स्वस्त-महाग याबद्दलही एक निरीक्षण. प्रत्येक पेशीत चार बिट कोंबणाऱ्या क्यूएलसी डिस्क लिहिताना सुरुवातीला जोरात पळतात आणि आतला राखीव वेगवान भाग भरला की एकदम रांगायला लागतात. लायब्ररीसाठी याचं मला काहीच वाटत नाही. लायब्ररी एकदा लिहायची आणि वर्षानुवर्षं वाचायची. रेकॉर्डिंगचं रोजचं काम ज्या डिस्कवर करायचं तिथे मात्र मी तीन बिटांची टीएलसी घेते.

ज्यांच्याकडे मी हे काम शिकले ते सर टेपच्या काळातले. माझी नवी डिस्क मी त्यांना दाखवायला नेली. त्यांनी ती तळहातावर ठेवली, उलटी केली, कानाजवळ नेली. "फिरत नाही?" म्हणाले.

"नाही सर, फिरायला आत काही नाहीच."

ते बराच वेळ ती हातात घेऊन बसले. मग त्यांनी मला रिळाचा हिशेब सांगितला, जो मी घरी येऊन पुन्हा करून पाहिला. दोन इंची टेप, चोवीस ट्रॅक. २,५०० फुटांचं रीळ सेकंदाला ३० इंच या वेगाने लावलं की १,००० सेकंदांत संपतं, म्हणजे १६ मिनिटं ४० सेकंद. तीन गाणी, फार तर चार. चोवीस ट्रॅकचा तेवढाच वेळ माझ्या २४ बिट, ४८ किलोहर्ट्झमध्ये घेतला तर साडेतीन जीबी होतो. माझ्या खिशातल्या डिस्कमध्ये अशी जवळजवळ २९० रिळं मावतात. ती रिळं ठेवायला सरांना एक खोली लागली असती.

"जागा नव्हती हे खरं," सर म्हणाले, "पण त्यातलं अवघड काम वेगळंच होतं. सगळी वाद्यं झाली की गळ्याला तीन-चार ट्रॅक उरायचे. तीन टेक झाले आणि चौथा घ्यायचा असला की आधीचा एक पुसावा लागायचा. कोणता पुसायचा ते तिथल्या तिथे ठरवायचं. गाणारा काचेपलीकडून माझ्याकडे बघत उभा. मी म्हणायचो, दुसरा जाऊ दे. आणि बटण दाबायचो. त्या दुसऱ्यात एखादी जागा सोन्यासारखी असली तरी ती गेली. परत येत नाही गं."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, अभिमानही नव्हता. त्यांना बहुतेक एखादी विशिष्ट जागा आठवत असावी. मी विचारलं नाही.

आमचा काळ उलट आहे. माझ्या एका प्रोजेक्टमध्ये एकाच गाण्याच्या गळ्याचे ६१ टेक आहेत. सगळे ठेवलेत, कारण ठेवायला काही लागत नाही. पण रात्री एकटीने बसून ६१ टेक ऐकायचे म्हणजे दहाव्यानंतर कान बधिर होतो आणि विसाव्यानंतर आपल्याला काय हवं होतं तेच आठवेनासं होतं. सरांचा काळ बरा होता असं मी म्हणणार नाही. गाणाऱ्याच्या डोळ्यांदेखत तिचा टेक पुसायचं धैर्य माझ्यात नाही, आणि ते यावं असंही वाटत नाही. पण एक सवय मी त्यांच्याकडून घेतली. टेक संपला की त्या क्षणी, गाणारी अजून माइकसमोर असतानाच, फाइलच्या नावात एक शब्द लिहिते. 'घाई'. 'श्वास छान'. 'दुसरी ओळ'. क्वचित 'हाच'. नंतर महिन्याभराने डिस्क उघडली की ते शब्द मला हात धरून नेतात.

आता ज्या दिवसाबद्दल मला लिहायचं होतं तो दिवस.

माझी एक मैत्रीण गाते. तिचं एक गाणं आम्ही कितीतरी दिवस करत होतो. चाल तिची, वाद्यमेळ माझा. त्या संध्याकाळी अकराव्या टेकला काहीतरी झालं. अंतऱ्याची शेवटची ओळ वर जाऊन अलगद खाली उतरते आणि ध्रुवपदाला भेटते. त्या उतारावर दरवेळी ती थोडा जोर लावायची. अकराव्या वेळी तिने तो लावलाच नाही. आवाज सोडून दिल्यासारखा झाला, जवळजवळ बोलल्यासारखा, आणि तरी सुराला केसभरही धक्का नाही. हेडफोनमध्ये ऐकताना माझे हात मांडीवर तसेच राहिले. गाणं संपलं. ती माइकपासून मागे सरली आणि सरताना तिच्या पायाने नोटेशनचं स्टँड हललं, स्टँडने टेबलाच्या कडेवरची केबल ओढली. कनेक्टर पोर्टमधून पूर्ण निघालाही नाही. जरा तिरका झाला इतकंच. डिस्कवरचा बारीक पांढरा दिवा विझला.

मी तेव्हा थेट एक्स्टर्नल डिस्कवर रेकॉर्ड करत होते. डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली, कारण ती मॅक आणि विंडोज दोन्हीकडे चालते. चालते खरी, पण एक्सफॅटमध्ये जर्नल नसतं. लिहिता लिहिता धागा तुटला तर आपण कुठवर आलो होतो याची नोंद कुठेही राहत नाही. केबल पुन्हा नीट बसवली. फोल्डर उघडला. अकराव्या टेकची फाइल होती, नावासकट. आकार शून्य केबी.

फाइली परत मिळवणारं सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं. पहाटे हाती आलं ते चार-पाच सेकंदांचे सुटे तुकडे, मध्ये खरखर, एका तुकड्यात तिचा श्वास. ओळ नाही.

तिला फोन करायच्या आधी मी खूप वेळ फोन हातात धरून बसले. तिने ऐकून घेतलं. "अगं, पुन्हा गाऊ की," म्हणाली. आली, पुन्हा गायली, चांगली गायली. पण त्या उतारावर आता आम्हा दोघींनाही माहीत होतं की काय हवंय, आणि ते माहीत असल्यामुळेच ते येईना. तिने जोर काढून घेतला की तो काढून घेतलेला ऐकू यायचा. चौदा टेक झाल्यावर तिनेच हेडफोन काढून ठेवला.

तेव्हापासून माझा नियम ठरला आहे. रेकॉर्डिंग लॅपटॉपच्या आतल्या स्टोरेजवर. सेकंदाला दोन-अडीच एमबीला आतली जागा पुरून उरते, आणि आतल्या डिस्कला पाय लागत नाही. बाहेरच्या डिस्कवर फक्त लायब्रऱ्या, ज्या गेल्या तरी पुन्हा उतरवून घेता येतात. बैठक संपली की गाणारी पाणी पिईपर्यंत नवे टेक बाहेरच्या डिस्कवर कॉपी होतात, आणि ती कॉपी उघडून, दोन ओळी वाजवून बघितल्याशिवाय मी कुणाला निरोप देत नाही. डिस्क आता मॅकच्या स्वतःच्या एपीएफएस या फॉरमॅटमध्ये आहे. विंडोजवाल्या कुणाला काही द्यायचं असेल तर त्यासाठी वेगळी छोटी डिस्क. केबलला टेबलाच्या पायाजवळ एक वेढा देऊन पट्टीने बांधलं आहे, म्हणजे ओढ बसली तरी ती वेढ्यावर येते, पोर्टपर्यंत पोहोचत नाही.

पोर्टांचंही सांगायला हवं. ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि हेडफोन लॅपटॉपला जोडणारा डबा, आणि डिस्क एकाच हबवर, म्हणजे एका पोर्टाची अनेक पोर्टं करणाऱ्या जोडणीवर, लावू नयेत असं मला वाटतं. इंटरफेसला माहिती थोडीच लागते, पण दर दोन-तीन मिलिसेकंदांनी न चुकता लागते. त्याच वाटेवरून लायब्ररीचे लोंढे जाऊ लागले की कधीतरी एखादा कट ऐकू येतो आणि त्याचं कारण आठवडाभर सापडत नाही. इंटरफेस लॅपटॉपच्या एका पोर्टात थेट, डिस्क दुसऱ्यात थेट, बाकी सगळं हबवर. माझा बिनतारी माउस डिस्क चालू झाली की पडद्यावर उड्या मारायचा, त्याचं कोडं मला कितीतरी दिवस सुटत नव्हतं. इंटेलने २०१२ मध्येच एक निबंध काढून सांगितलं आहे की यूएसबी ३ ची केबल आणि कनेक्टर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात, आणि बिनतारी माउसचा रिसीव्हर त्याच पट्ट्यात ऐकत असतो. रिसीव्हर डिस्कपासून हातभर लांब नेला, उड्या थांबल्या.

डिस्कचं नाव एकदा ठेवलं की बदलायचं नाही. सॅम्पलर प्रत्येक सुराचा पत्ता डिस्कच्या नावासकट लक्षात ठेवतो. विंडोजवर तीच गोष्ट ड्राइव्हच्या अक्षराची. ते आपण हाताने पक्कं करून ठेवलं नाही तर आज ई असलेली डिस्क उद्या एफ होते आणि प्रोजेक्ट उघडताना शेकडो सुरांची 'सापडत नाही' अशी यादी समोर येते.

एक काळजी मला एसएसडीबद्दल अजून आहे, आणि ती तिच्या घडणीतच आहे. फ्लॅश मेमरी तोशिबातले इंजिनिअर फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात घडवली. आपण वापरतो तो नँड प्रकार १९८७ मध्ये जगासमोर आला. पुसण्याची क्रिया कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखी एका झटक्यात होते, म्हणून त्यांच्या एका सहकाऱ्याने हे नाव सुचवलं. आत काय असतं? प्रत्येक पेशीत कोंडून ठेवलेले इलेक्ट्रॉन. किती कोंडले त्यावरून आकडा ओळखायचा. टीएलसीत आठ पातळ्या ओळखाव्या लागतात, क्यूएलसीत सोळा. कोंडलेलं काहीही हळूहळू झिरपतं, इलेक्ट्रॉनही. चिपची मानकं ठरवणाऱ्या जेडेक संस्थेच्या मानकाप्रमाणे घरगुती वापराच्या एसएसडीने तिचं लिहिण्याचं आयुष्य पूर्ण संपल्यावर, वीज न देता, ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष माहिती टिकवली म्हणजे झालं. नवी डिस्क यापेक्षा खूप जास्त टिकवते. तरी तिच्यावर गाणी भरून ती कपाटात वर्षानुवर्षं ठेवून द्यायची वस्तू नव्हे. मैत्रिणीच्या आवाजाची एक ओळ म्हणजे माझ्याकडे काही अब्ज कोंडलेले इलेक्ट्रॉन आहेत, हे एकदा डोक्यात बसलं की हात आपोआप दुसऱ्या कॉपीकडे जातो.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकांपर्यंत नेलेला ३-२-१ चा नियम मी पाळते: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. दुसरं माध्यम म्हणून मी पुन्हा फिरत्या हार्ड डिस्ककडे आले. बॅकअपला घाई नसते. मोठी सलग फाइल एका दमात लिहायची, हे काम फिरती डिस्क उत्तम करते.

या बॅकअपच्या निमित्ताने खणातली ती जुनी डबी बाहेर काढली. त्या डिस्कवर काय काय आहे ते बघून नव्या डिस्कवर हलवायचं होतं. केबल लावली तर तबकडी फिरायला लागली, पण ती ओळखीची घरघर आता जाड झाली होती, आणि मधूनच एक टक्, मग शांतता, मग पुन्हा टक्. ज्याने हा आवाज एकदा ऐकलाय त्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. डिस्कला शेवटची घरघर लागली होती.

मी सगळं एकदम कॉपी करायला लावलं नाही. मरणाऱ्या डिस्कवर तेवढं ओझं टाकलं तर ती मध्येच मान टाकते. जे जगात दुसरीकडे कुठेच नाही ते आधी, म्हणजे आवाज. वाद्यांचे सेशन नंतर, लायब्रऱ्या घ्यायच्याच नाहीत. एकेक फोल्डर. टक् आवाज आला की मी हात टेबलावरून काढून घ्यायचे, जणू माझ्या स्पर्शानेही तिला धक्का बसला असता. चौथ्या फोल्डरचं नाव होतं फक्त एक तारीख. आत एक मोनो फाइल. वाजवून न बघताच कॉपी केली.

साधारण दोन तृतीयांश निघालं. मग टक्, टक्, आणि तबकडी फिरायची थांबली. पुन्हा सुरू झाली नाही.

रात्री ती तारखेची फाइल उघडली. मैत्रीण गात होती. तेच गाणं, चाल नुकतीच सुचलेली असताना. शब्द अर्धे होते, उरलेल्या जागी ती नुसतं गुणगुणत होती. ते आम्ही जुन्या लॅपटॉपच्या शेजारी एक माइक ठेवून घेतलं होतं, चाल विसरू नये म्हणून. मला ते घेतल्याचंही आठवत नव्हतं. अंतऱ्याची शेवटची ओळ आली, वर गेली, आणि उतारावर तिने जोर लावला नाही. तेव्हा तिला तिथे जोर लावायचा असतो हे ठरलेलंच नव्हतं.

ओळीच्या आधीच्या शांततेत आणि ओळीच्या मागे, तळाशी, एक बारीक सलग आवाज आहे. आधी मला तो माइकचा वाटला. हेडफोनवर आवाज वाढवून ऐकला. सेकंदाला ९० फेऱ्यांची ती घरघर, त्याच डिस्कची, जी आता टेबलावर थंड पडली होती.

दुसऱ्या दिवशी मैत्रीण आली. तिला काही न सांगता हेडफोन दिला. तिने डोळे मिटून ऐकलं. ओळ संपल्यावर तिने हातानेच खूण केली, पुन्हा लाव. दोनदा, तीनदा.

"मागे काय वाजतंय?" तिने विचारलं.

"डिस्क. जुनी."

"काढता येतं का ते?"

"येतं. गोंगाट काढायचं प्लगइन आहे. बऱ्यापैकी साफ होईल."

मी प्लगइन लावलं, घरघरीचा नमुना घेतला, काटा ओढला. घरघर गेली. तिच्या आवाजाच्या शेपटाचा, तो खाली उतरून विरतो त्या जागेचा, थोडासा भागही तिच्याबरोबर गेला. आम्ही दोन्ही आळीपाळीने ऐकलं. मग तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि मी प्लगइन काढून टाकलं.

गाण्यात आता ती ओळ आहे. बाकीचा गळा नवा, नव्या माइकवरचा, मागे पूर्ण शांतता असलेला. त्या ओळीच्या दोन सेकंद आधी मी घरघर हळूच आत आणते, म्हणजे ती अचानक आल्यासारखी वाटत नाही, आणि ओळ संपल्यावर पियानोच्या पेडलखाली तिला विरू देते. चाळीसेक सूर असतात तिथे. एकही तुटत नाही.

मूळ फाइल तीन ठिकाणी आहे. नावात तारखेपुढे मी एक शब्द लिहिला आहे. 'हाच'.